रेडियल की नायलॉन

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी

शर्यतीला आजपासून एकशे नऊ दिवस. या वर्षी सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. कोणता टायर, हवा किती, वेळ किती. मागची अकरा वर्षं सगळं डोक्यात ठेवलं आणि हाती काही लागलं नाही.

हुमनाबादच्या पुढे एका कारखान्याची खासगी धावपट्टी आहे. दर जानेवारीत तिथे पाव मैलाची, म्हणजे चारशे दोन मीटरची सरळ शर्यत होते. मी ‘रस्त्यावरची गाडी, हाताचे गिअर’ या गटात उतरतो. गाडी माझी रोजचीच, करडी. बायको सिंधु तिच्यातूनच बाजारात जाते, फक्त चालवतो मी. माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ पंधरा पूर्णांक बारा सेकंद. पंधराच्या आत यायचं आहे, एवढंच. जूनमध्ये मला पन्नास पूर्ण होतील. त्यानंतर लोक बक्षीस द्यायला बोलावतात, पळायला नाही.

आज पूजा झाली. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, करडी, पाने, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू. मग चाकाखाली लिंबं ठेवून गाडी अलगद पुढे घ्यायची. लातूरच्या निम्म्या लोकांना क्लच सोडायला मी शिकवलं. ‘मांडीवरचं लेकरू उठणार नाही असा पाय उचला,’ हे माझं ठरलेलं वाक्य. आणि आज माझ्याच पायाखालून क्लच सटकला. गाडी बेडकासारखी उडाली आणि गेटला धडकून बंद पडली. एक लिंबू शेजाऱ्यांच्या दारात जाऊन पडलं.

सिंधु म्हणाली, “अवो, पाय बरा हाय का तुमचा?”

मी म्हटलं, टायर चार वर्षांचे झालेत, रबर लाकूड झालंय, पकड कुठून येणार? तिनं शेजाऱ्यांच्या दारातलं लिंबू तेवढं उचलून आणलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर तीनदा सुटून बघितलं. पहिल्यांदा गाडी गुदमरली. दुसऱ्यांदा चाकं जागेवर फिरली आणि नुसता धूर झाला. तिसऱ्यांदा बंदच पडली. एका माणसाच्या एका पायानं तीन प्रकार होत नसतात. टायरच बदलायला हवेत. उतरताना चप्पल दारात अडकली आणि गुडघा फुटला. चपलाही बदलायला झाल्यात.

१२ ऑक्टोबर, रविवार

नांदेडला जाऊन आलो. देगलूर नाक्यावर जावेदचं टायरचं दुकान आहे. त्याचे वडील निजामोद्दीनचाचा उसाच्या ट्रॉल्यांचे टायर रिमोल्ड करायचे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचे. जावेद शर्यतीचेही आणतो. वीस वर्षांची ओळख आमची. माझ्या सगळ्या शर्यतींना चाकं बघायला तोच असतो. टायरची झीज बघून तो गाडी कोण चालवतं ते सांगतो. हात फिरवला की म्हणतो, हा माणूस वळणावर घाबरतो, किंवा याच्या घरी गाडी दोघं चालवतात.

मला म्हणाला, “भाऊ, क्लचवाल्या गाडीत सुटतानाचा झटका कुणीतरी प्यायला पायजे. टायर प्याला न्हाई तर क्लच पितो. क्लच प्याला न्हाई तर एक्सल जातो. रेडियलची बाजू ताठ असती, ती काहीच पीत न्हाई. तिथं पायच लई बारीक चालावा लागतो. नायलॉनची बाजू नरम. आधी चुरगळती, झटका पिऊन घेती, मंग धरती. तुम्ही नायलॉन घ्या.”

मी हसलो. नायलॉन म्हणजे उसाच्या ट्रॉलीचे. हा म्हणतो ते शर्यतीचे गुळगुळीत आहेत, पण बनावट तीच. रस्त्यावर चालत नाहीत, डिकीत टाकून न्यायचे आणि तिथे बदलायचे. शर्यतीचा रेडियल माणूस घरून चढवून जातो, पळवतो आणि त्याच्यावरच परत येतो. ज्याच्या पायात अक्कल आहे त्यानं रेडियलच घ्यावा. मी तसं त्याला सांगितलं.

जावेद माझ्याकडे न बघता खाली माझ्या चपलांकडे बघत होता. डावी चप्पल मागून घेतली, उलटी केली, अंगठ्याच्या जागी बोट फिरवलं. तिथे सोल पार गेला आहे. “उजवी बराबर हाय. डावीच पुढून घासून राहिली,” म्हणाला. “भाऊ, अलाइनमेंट दाखवा कुणाला तरी.” मी म्हटलं, चपलांचाही धंदा सुरू केलास काय? तो हसला नाही. बहुतेक उन्हानं डोकं दुखत असावं त्याचं.

निघताना म्हणाला, वहीत टायरसंगं पायाचं बी लिहीत जा. उगाच काहीतरी.

३ नोव्हेंबर, सोमवार

रेडियल आले. काय टायर आहेत! नख लावलं तर रुततं. हवा बावीस ठेवली. पहिलीच धाव फर्मास, वर्षभरात अशी सुटली नव्हती. जावेदला लगेच फोन करून चिडवलं. पुढच्या चार धावा मात्र वाईट. चारही वेळा गाडीला हिसका बसला, खालून खट् असा आवाज आला. हवा अठरावर आणून बघायची.

(पाय : पोटरीत थोडी फडफड. कातडीखाली अळ्या चालल्यासारखी. दुखत नाही. लिही म्हणाला म्हणून लिहिलं.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वाईट झालं.

विशाखा नावाच्या बाई शिकायला येतात. मुरूडजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. वस्त्यांवर बाळंतिणींना बघायला जायला गाडी हवी म्हणून जुनी मोटार घेतली आहे, लायसनची परीक्षा पुढच्या आठवड्यात. धीराच्या बाई आहेत, पटकन शिकल्या. आज त्यांना पुलाच्या चढावर थांबवून पुन्हा निघायला लावलं. गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. अशा वेळी माझ्या बाजूचा ब्रेक मी मारतो. तेवढ्यासाठीच तर स्कूलच्या गाडीला माझ्याकडे वेगळा क्लच आणि ब्रेक आहे. पण माझी डावी चप्पल नेमकी ब्रेकच्या पेडलखाली अडकली. उजव्या पायानं दाबायला गेलो तर पेडल खाली जाईना. गाडी वीस फूट मागे गेली आणि पेरूच्या गाड्यावर आदळली. म्हातारा पेरूवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. सगळे पेरू पुलावरून घरंगळत गेले.

लोक जमले. मी विशाखाबाईंना झापलं. सगळ्यांसमोर. “ब्रेक कशाला दिलाय तुमच्या पायाखाली? माणूस मेला असता! तुम्हाला गाडी जमायची नाही, बैलगाडी घ्या.” त्या एकदा माझ्याकडे बघून खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग पेरू गोळा करू लागल्या.

चप्पल अडकली हे मी तिथे बोललो नाही. ब्रेक त्यांच्या पायाखालीही होता, हेही खरंच आहे. मारायला हवा होता त्यांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विशाखाबाई येत नाहीत. परीक्षेलाही आल्या नाहीत. सिंधु म्हणते, फोन करा. मी कशाला करू? शिकणाऱ्यानं शिक्षकाचं बोलणं एवढं मनावर घेऊ नये. माझ्या गुरूनं तर मला पान्यानं मारलं होतं.

सिंधुनं डाव्या चपलेला मागून पट्टा शिवून आणला. मी न सांगता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सिंधुच्या हट्टापायी नसांच्या डॉक्टरकडे गेलो. मला वाटतं कमरेची नस दबली आहे, बसून बसून ड्रायव्हर लोकांना होतंच. डॉक्टर तरुण आहे पण भलताच चौकस. पायाचं दुखणं सांगितलं तर हाताच्या मुठी आवळायला लावल्या, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. जीभ बाहेर काढायला लावली आणि बॅटरी मारून कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत बसला. पाणी पिताना ठसका लागतो का, विचारलं. पायाचा आणि जिभेचा काय संबंध? बाहेर आल्यावर मी सिंधुला त्याची नक्कल करून दाखवली. एरवी ती हसते.

हैदराबादला सुया टोचून नसांची तपासणी करायला सांगितली आहे, लवकरात लवकर. मी म्हटलं, अठरा जानेवारीनंतर. तो म्हणाला, “शर्यत सोडा. आणि तोवर कुणाला शिकवू नका.” कमरेच्या नसेसाठी कुणी धंदा बंद ठेवतं का?

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळ अमावस्या

आज लातूरमध्ये चिटपाखरू नसतं. सगळं गाव भज्जी-आंबिलाची भांडी घेऊन शेतात जातं, दुकानं बंद, रस्ते मोकळे. सिंधु सकाळीच तिच्या भावाच्या रिक्षातून औशाकडे त्यांच्या शेतात गेली. मी म्हटलं, दुपारी येतो. मनात वेगळंच होतं. वर्षातून एकदाच रिंगरोड असा रिकामा मिळतो.

रेडियल, हवा अठरा, हवेत गारवा. दोनदा गाडी गुदमरली. मला राग आला. तिसऱ्यांदा इंजिन पाच हजारांवर चढवलं आणि क्लच सोडला. सोडला म्हणजे सुटला. टायरनं डांबर घट्ट धरून ठेवलं आणि डावीकडचा एक्सल कडाड करून तुटला. जावेद म्हणाला होता तेच. गाडी रस्त्याच्या मधोमध, आणि मदतीला बोलवावं तर सगळे शेतात.

गाडी ढकलून कडेला घ्यायला गेलो तर दोन पावलांत डावा पाय दुमडला आणि मी पडलो. उठता येईना. हे नीट लिहितो, कारण कुणाला सांगणार नाही. रस्त्यावर बसून मी तीनदा उठायचा प्रयत्न केला. डावा हात टेकला तर मनगट वळायचं. शेवटी दारापर्यंत सरपटत गेलो आणि हँडल धरून उभा राहिलो. एक कुत्रं तेवढं बघत होतं. ऊन चांगलं होतं आणि मी लहान मुलासारखा रडलो.

जावेदला फोन केला. तोही कुणाच्या तरी शेतात भज्जी खात होता. अहमदपूरच्या दोस्तानं बोलावलं होतं. तासाभरात पिकअप घेऊन आला. मी पडलो ते सांगितलं नाही. पँटची माती झटकली होती. त्यानं माझ्या पाठीवरची झटकली.

२७ डिसेंबर, शनिवार

नवा एक्सल बसला. जावेदनं मला न विचारता नायलॉन आणले, पुढचे-मागचे चारही. दोन्ही जाती एकत्र लावल्या तर गाडी मागून डुलते, म्हणाला. मी भांडलो. एवढी वर्षं रेडियलवर घालवली, आता ट्रॉलीवाल्यासारखा जाऊ? तो म्हणाला, “भाऊ, यावर पायाचं कामच न्हाई. आवाज चढवा आनि पाय बाजूला काढून घ्या. बस. बाकीचं टायर बघून घेतो.”

“म्हणजे कुणीही पळवेल?”

“हाव. कुणीबी.”

गिअरबॉक्स वाचेल म्हणून हो म्हटलं. गाडीसाठीच निवड करायची असते, आपल्या तोऱ्यासाठी नाही. हे मी शिकणाऱ्यांनाही सांगतो.

१८ जानेवारी २०२६, रविवार

चौदा पूर्णांक एक्क्याण्णव!

पुन्हा लिहितो. चौदा पूर्णांक एक्क्याण्णव.

चाकं जावेदनं बदलली. नट आवळायला मी पाना घेतला होता, पण डाव्या हातात जोर येईना, थंडीनं असेल. रेषेवर गेलो. दिवा हिरवा झाला, पाय बाजूला केला. तो आपोआपच निघाला म्हणा. टायर आधी चुरगळले, गाडी क्षणभर दबली आणि मग अशी गेली की मान मागे आपटली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला क्लच मी मांडीनं रेटून दाबला. दाबला गेला ना? मग झालं. पाटीवर आकडा आला तेव्हा मला वाचताच येईना, डोळे भरले होते.

अकरा वर्षं! टायरच होते. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. पायाबियाचं काही नाही. जावेद मला मिठी मारून हुंदके देत होता, इतका आनंद मला स्वतःलाही झाला नसेल. हैदराबादची तपासणी आता नको. मधले काही दिवस सिंधुनं क्लासला सुट्टी लावली होती, तीही आता संपली. सोमवारपासून शिकवणं सुरू.

१९ जानेवारी, सोमवार

आज क्लास घेतला नाही. काल येताना काय झालं ते लिहितो.

पुढे जावेदचा पुतण्या पिकअपमध्ये चाकं घेऊन गेला. माझी गाडी जावेद चालवत होता. उमरग्याला चहाला थांबलो. मी हैदराबादचं रद्द करतो म्हटलं आणि त्यानं कप खाली ठेवला.

“भाऊ, ते टायर मी गाडी बघून न्हाई निवडले.”

“मग?”

“तुमचा पाय बघून निवडले. धड पायाच्या मानसाला मी रेडियलच दिले असते. तुम्हीच बराबर होते तवा.” मग म्हणाला, “ऑक्टोबरपासून बघून राहिलो मी. दर बारी पाय जरा जास्तच घासून राहिला. वैनीला बी ठाऊक हाय. आमी दोघांनी ठरवलं, भाऊला एक डाव पळू द्यायचं.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. फसवलंस म्हटलं, माझी कीव केलीस, तुझ्या टायरनं पळालेली शर्यत मी माझी म्हणू काय? त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, यंदाच का? पुढच्या वर्षी रेडियलवर पळालो असतो ना, पाय बरा करून.

“पुढच्या साली…” एवढंच म्हणाला. चहाचे पैसे देऊन गाडीत जाऊन बसला.

२० जानेवारी, मंगळवार

स्कूलची गाडी अंगणात उभी होती, इंजिन बंद. मी माझ्या बाजूला बसलो आणि डावा पाय क्लचवर ठेवून बघितला. दहादा. चारदा चुकला. दोनदा पाय ब्रेकच्या पेडलखाली गेला आणि तिथेच राहिला. चपलेला आता मागून पट्टा आहे, ती अडकायचा प्रश्नच नव्हता. गाडी जागची हललेली नव्हती, म्हणजे टायरचाही प्रश्न नव्हता.

मग मला तो पूल आठवला. पेरूवाल्याचं तोंड आठवलं. अर्धा फूट इकडेतिकडे झालं असतं तर मी माणूस मारला असता आणि तो त्या बाईंच्या नावावर टाकला असता.

सिंधु दारात उभी होती. म्हणाली, “चला, जेवायला वाढलंय.” हात पुढे केला. मी धरला.

२२ जानेवारी, गुरुवार

एसटीनं मुरूडला गेलो आणि तिथून रिक्षानं उपकेंद्रावर. कंडक्टरनं दंड धरून चढवलं, मला लाज वाटली. विशाखाबाई लहान मुलांना लस देत होत्या. मला बघून लगबगीनं खुर्ची आणली. रांग संपेपर्यंत मी बसून राहिलो, एक एक मूल रडत बाहेर जात होतं.

मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी पुलावर चूक तुमची नव्हती. माझा पाय ब्रेकखाली अडकला होता. मी खोटं बोललो. चारचौघांत तुम्हाला बोललो त्याची माफी मागायला आलो आहे.”

त्या म्हणाल्या, “मला ठाऊक हाय सर.”

“कसं काय?”

“गाडी मागं जाऊन राहिली तवा मी खाली बघितलं. तुम्ही दोनी हातानं पाय वढून काढत होते. निघून न्हाई राहिला. त्याच्याकडं बघत बसले अन् माझा ब्रेक बी मारायचा राहिला.”

दोन्ही हातांनी. मला हे आठवत नाही. कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

“मग तिथंच का बोलला नाहीत? मी तुम्हाला एवढं झापलं. तुमची परीक्षा बुडली. इतके दिवस तुम्ही गप्प बसलात.”

त्यांनी सुया टाकायच्या डब्याचं झाकण लावलं, हात धुतले. मग म्हणाल्या, “मी नर्स हाय सर. असा पाय मी आधी बघितलेला हाय. तुमाला ते रस्त्यात, लोकं जमलेली असताना, माझ्या तोंडून कळावं असं न्हाई वाटलं मला. शिव्या काय, दोन दिवसांत जातात.”

मी हैदराबादच्या तपासणीचं सांगितलं आणि विचारलं, “कमरेच्या नसेचंच असेल ना?”

त्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला आहे, तो मला आज पहिल्यांदा दिसला. त्यांनी एवढंच विचारलं, “हैदराबादला कवा जाऊन राहिलात? संगं कोन हाय?” मी म्हटलं, मंगळवारी, सिंधु आहे, आणि जावेदला आज फोन करणार आहे. “करा,” म्हणाल्या. “लगेच करा. मी बी येते, रजा टाकते. तिथले डॉक्टर इंग्रजीत बोलतात, ताईंना एकटं ऐकायला लावू नका.”

रिक्षापर्यंत त्यांनी मला धरून आणलं. मला खूप भीती वाटते आहे. हे मी अजून सिंधुला सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे.